घराचा सौदा : आधी कागद, मग टोकन

घर बघायला गेल्यावर आपण काय काय बघतो? स्वयंपाकघरात उजेड आहे का, ओटा पुरेसा लांब आहे का, पाणी किती वेळ येते, मुलांची शाळा किती लांब आहे. हे सगळे बघायलाच हवे. पण घर पसंत पडले की कागदपत्रांचे काम ‘ते बघतील’ म्हणून नवऱ्यावर, भावावर किंवा एजंटवर सोपवले जाते. आपण फक्त दाखवलेल्या जागी सही करतो.

कर्जात तुमचे नाव सहअर्जदार म्हणून असेल, तर हप्ते थकल्यावर बँक तुम्हालाही जबाबदार धरते. म्हणून घर घ्यायचे असो वा विकायचे, एक नियम पाळा. आधी कागद बघा, मगच टोकन द्या. एकदा टोकन दिले की पैसे बुडण्याच्या भीतीने माणूस खटकणाऱ्या गोष्टींकडेही डोळेझाक करतो.

आधी हिशोब मांडा

समजा, तुम्ही मुंबईत ६० लाखांचा जुना फ्लॅट घेताय. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळू शकते. म्हणजे ४८ लाख बँकेचे आणि १२ लाख तुमचे. त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ३ लाख ६० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. हा खर्च बँक किमतीत धरत नाही. एजंटची दलाली, वकिलाची फी, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क आणि रंगरंगोटी वेगळीच. म्हणजे हातात १२ नाही, निदान १७-१८ लाख हवेत. हे पैसे सोने मोडून किंवा वैयक्तिक कर्ज काढून उभे करावे लागणार असतील, तर थोडे लहान घर बघणे शहाणपणाचे.

जुने घर घेताना

विक्रेत्याकडून या कागदांच्या प्रती मागा :

• आधीचे सर्व नोंदणीकृत करारनामे आणि इंडेक्स-२
• सोसायटीचे भाग प्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला
• इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र
• मालमत्ता कर आणि वीजबिलाच्या ताज्या पावत्या
• घरावर कर्ज असेल, तर बाकी रकमेचे बँकेचे पत्र आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी

मूळ मालक हयात नसेल, तर जास्त सावध राहा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्व वारसांची संमती नोंदणीकृत कागदावर हवी. ‘कुलमुखत्यारपत्रावर घर तुमच्या नावावर करून देतो’ असे कोणी म्हटले, तर तिथूनच परत फिरा. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये स्पष्ट केले आहे.

कागद स्वतःच्या वकिलाला दाखवा. विक्रेत्याचा किंवा एजंटचा वकील तुमच्या बाजूने विचार करेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

नव्या प्रकल्पात घेताना

प्रकल्पाचा रेरा क्रमांक घ्या आणि आपल्या राज्याच्या रेरा संकेतस्थळावर ताबा देण्याची तारीख, मंजूर नकाशे आणि चालू खटले बघा. दर विचारताना कार्पेट एरियाचाच विचारा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष आढळला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

घर कोणाच्या नावावर?

महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या नावावर घेतले, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात सरळ ६० हजार वाचतात. दिल्लीतही पुरुषांपेक्षा महिलांना कमी शुल्क आहे. तुमच्या राज्यात काय नियम आहे ते आधी विचारा. मात्र फक्त सवलतीसाठी निर्णय घेऊ नका. हप्ता कोण भरणार आणि पैसे कोणाच्या खात्यातून जाणार, हे घरात मोकळेपणाने बोलून ठरवा.

पैसे देताना

टोकनच्या पावतीवर एकूण किंमत, व्यवहाराची मुदत आणि ‘कर्ज नामंजूर झाले किंवा कागदांत दोष निघाला तर रक्कम परत’ ही अट लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. रोख दिलेली रक्कम करारात दिसत नाही आणि वाद झाला तर ती परत मिळवणे फार कठीण जाते.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर १ टक्का टीडीएस कापून भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. उशीर झाला तर व्याज लागते आणि दिवसाला २०० रुपये शुल्कही. विक्रेता परदेशात राहणारा असेल, तर नियम वेगळे असतात. तेव्हा सीएचा सल्ला घ्याच.

घर विकताना

जाहिरात देण्याआधी फाइल तयार ठेवा. कागद पूर्ण असले की भाव पाडून मागणाऱ्याला निमित्त उरत नाही. महाराष्ट्रात महापालिका क्षेत्रातील सोसायटीला हस्तांतरणासाठी २५ हजारांपेक्षा जास्त प्रीमियम घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलेले घर विकले, तर नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफा कर लागतो. हा नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर कर वाचतो. त्यासाठी विक्रीनंतर २ वर्षांत घर विकत घ्यावे लागते किंवा ३ वर्षांत बांधावे लागते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले नाहीत, तर ते बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवा. साध्या बचत खात्यात ठेवून चालत नाही.

आणि माहेरचे घर विकायला निघाले असेल, तर ‘इथे फक्त सही कर’ असे म्हणून पुढे केलेला कागद आधी नीट वाचा. ते हक्कसोड पत्र असू शकते. त्याची नोंदणी झाली की तुमचा वाटा संपला. हक्क सोडायचा की नाही हा निर्णय तुमचा आहे, पण तो समजून घेतलेला असावा. कागद वाचायला मागितला म्हणून नाती तुटत नाहीत. न वाचता केलेल्या सहीमुळे मात्र पुढे कटुता येते.

पुढच्या वेळी घर बघायला जाल, तेव्हा ओट्याचे माप घ्याच. सोबत कागदांची यादीही न्या आणि ती पूर्ण झाल्याशिवाय पर्स उघडू नका.