कार्बोरेटरचा नंबर सगळ्यात शेवटी

जुनी गाडी, चालती गाडी : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण कार्बोरेटर खोलून, जेट साफ करून पुन्हा जागेवर बसवला. आज त्याचं सेटिंग. बोईसर, तारापूर, पालघरकडे एमआयडीसीच्या शिफ्टला जाणारी जुनी स्प्लेंडर असो, दिवसभर स्टेशनच्या स्टँडवर उभी राहणारी बुलेट असो किंवा हौसेने जपलेली आरएक्स १००, तक्रारी ठरलेल्या असतात : गाडी स्लो धरत नाही, रेस दिली की दम खाते, अ‍ॅव्हरेज पडलंय. इलाजही ठरलेला, स्क्रू-ड्रायव्हर काढायचा आणि कार्बोरेटरचा स्क्रू पिळायचा. दोन दिवस गाडी बरी चालते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण बिघाड बहुतेक वेळा दुसरीकडे असतो आणि कार्बोरेटर फुकट बदनाम होतो.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी चार गोष्टी पाहा. एअर फिल्टर मळलेला नाही ना? टाकीच्या कॉकमधून पेट्रोल सलग धारेने येतंय ना? कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला चीर नाही ना? इंजिन चालू असताना त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा खेचली जातेय, आणि ती चीर कुठलाही स्क्रू भरून काढू शकत नाही. चौथी गोष्ट ठिणगीची आणि टॅपेटची. प्लग स्वच्छ हवा, फोर-स्ट्रोक गाडीचा टॅपेट गॅप बरोबर हवा, आणि जुन्या बुलेट-येझदीचे पॉइंट जळलेले नसावेत.

आता यंत्राची वाटणी समजून घेऊ. अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम उघडा असताना स्लो जेट आणि एअर स्क्रू यांचं राज्य असतं, साधारण एक-अष्टमांश उघडेपर्यंत. तिथून पाव उघडेपर्यंत स्लाइडच्या तिरप्या कापाचा प्रभाव असतो, पाव ते पाऊण निडलचा आणि त्यापुढे मेन जेटचा. याचा व्यवहारात अर्थ असा की चिल्हार फाट्याकडे जाताना भरधाव वेगात गाडी अडखळत असेल, तर एअर स्क्रू पिळून काही हाती लागणार नाही. दोष कोणत्या टप्प्यावर येतो ते आधी ओळखा. अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीवर आणि तिच्या शेजारी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या की हे काम सोपं होतं.

सेटिंग नेहमी गरम इंजिनावर करायचं. दहा मिनिटं गाडी फिरवून आणा आणि बंद करा. आता एअर स्क्रू पूर्ण आत घ्या, पण हलक्या हाताने. जोर लावलात तर त्याचं टोक कायमचं दबतं. तिथून दीड फेरा बाहेर काढा. हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. गाडी चालू करून आयडल स्क्रूने स्लो थोडा वाढवा. मग एअर स्क्रू पाव-पाव फेरा आत-बाहेर करत इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखं कुठे चालतं ते कानाने शोधा. ती जागा सापडली की आयडल स्क्रूने स्लो पुन्हा खाली आणा. हे दोनदा करा. शेवटी मूठ झटक्यात पिळून पाहा. इंजिन न अडखळता उसळलं आणि सोडल्यावर लगेच खाली बसलं, तर काम झालं.

एक खबरदारी. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा; आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, आणि हिशेब बरोबर उलटा होतो.

राजदूत ३५० सारख्या जुळ्या सिलिंडरच्या गाडीला दोन कार्बोरेटर. तिथे आधी केबलचे अ‍ॅडजस्टर फिरवून दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात याची खात्री करा, मगच स्क्रू. एक सिलिंडर पेट्रोलला कमी पडला तर पिस्टन तापतो आणि सीझ होतो; टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल तर तेही कमी पोहोचतं.

आता आपल्या भागाचं. किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत कार्बोरेटरच्या बॉडीवर पांढरी भुकटी धरते आणि पावसाळ्यात वाटीत पाणी साठतं. त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून वाटीचा ड्रेन स्क्रू उघडा आणि पेट्रोल काढून टाका. नाहीतर ते वाळून स्लो जेटचं बारीक भोक बुजतं. ते भोक स्टोव्हच्या पिनने टोकरू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट वाया गेला. हवेचा झोत पुरेसा आहे.

इथेनॉलचा दुसरा परिणाम मिश्रणावर होतो. शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल असेल तर साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटवर गाडी त्यामुळे पेट्रोलला किंचित कमी पडते. प्लग पाहा : विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट पडला असेल तर कमी. पांढरा दिसला तर निडलची क्लिप एक खाच खाली बसवा, म्हणजे निडल वर उचलली जाते आणि मधल्या टप्प्यात पेट्रोल वाढतं.

जव्हारला गेल्यावर गाडी जरा जड वाटली तर लगेच स्क्रू पिळू नका. सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर हवा चार-पाच टक्केच विरळ होते; तेवढ्यासाठी सेटिंग बदलायची गरज नाही.

पीयूसीला जाण्याआधी मात्र हे सगळं जरूर करा. तपासणी गाडी स्लोवर असतानाच होते, म्हणजे थेट तुमच्या एअर स्क्रूची परीक्षा. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना ३.५. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या गाड्यांत हे काम सेन्सर आणि इंजेक्शन करतात. तुमच्या गाडीत ते तुम्हालाच करायचं आहे, तेव्हा स्क्रू किती फेरे बाहेर आहे हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणी तो पिळला, तर परत कुठे आणायचा ते कळेल.

पुढील आठवड्यात : क्लच प्लेट आणि केबल.