भाजीचा वाफा आणि जमिनीचा हक्क

शहरात भाजीपाला पिकविण्याची आठवण राज्यकर्त्यांना बहुधा टंचाईच्या काळातच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत भारतात ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर धरला. टंचाई ओसरली की मोहीमही ओसरते आणि कुदळ-फावडी माळ्यावर जातात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गालगत पालक, माठ, भेंडी यांचे जे हिरवे पट्टे लक्षावधी प्रवाशांनी खिडकीतून पाहिले, ते त्याच मोहिमेच्या नावाने रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी दिलेल्या जमिनीवरचे. त्यांची चर्चा होते ती मात्र गटाराच्या पाण्यापुरती. ती तक्रार अर्थातच रास्त आहे. परंतु या वाफ्यांना चांगले पाणी द्यावे, ही मागणी क्वचितच ऐकू येते. शहरातील शेती ही तात्पुरती, उपऱ्याची, आज ना उद्या उठवायचीच आहे, हे सर्वांनी मनोमन गृहीत धरलेले असते.

या गृहीतकाचे पर्यवसान कशात होते, हे न्यूयॉर्कच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९७० नंतरच्या दशकात ते शहर दिवाळखोरीच्या काठावर होते. घरमालक इमारती सोडून जात होते, कित्येक इमारती आगीत भस्मसात होत होत्या, आणि कर थकल्यामुळे ओसाड भूखंड महापालिकेच्या गळ्यात पडत होते. १९७३ मध्ये लिझ ख्रिस्टी या चित्रकर्तीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी बावरी व ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील असाच एक उकिरडा साफ करून तेथे वाफे केले. पुढच्या वर्षी महापालिकेने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली. १९७८ पासून अशा बागांसाठी महापालिकेने स्वतंत्र योजनाच चालविली. विटांच्या चुऱ्याची आणि जुन्या रंगातील शिसे मुरलेली ती जमीन. म्हणून लोकांनी फळ्यांच्या चौकटी ठोकून त्यांत बाहेरची माती भरली. पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबे तेथे मिरच्या-टोमॅटो लावू लागली, दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीयांनी आपल्या ओळखीच्या पालेभाज्या लावल्या. ज्या गल्लीत संध्याकाळनंतर कोणी फिरकत नसे, तेथे म्हातारी माणसे खुर्च्या टाकून बसू लागली.

आणि मग जमिनीचे भाव चढले. ते चढण्यास अन्य कारणे होतीच, परंतु या बागांनी वस्तीला आणलेली कळाही त्यांत होती, हा यातील विदारक भाग होय. महापौर रुडॉल्फ ज्युलियानी यांच्या प्रशासनाने १९९९ च्या मे महिन्यात ११४ बागांचा लिलाव पुकारला. लिलावाच्या आदल्या दिवशी दोन विश्वस्त संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर मोजून त्या विकत घेतल्या. त्यांपैकी एक संस्था अभिनेत्री बेट मिडलर यांनी स्थापन केलेली. इतर बागांचे भाग्य एवढे थोर नव्हते. २००० च्या फेब्रुवारीत ‘एस्पेरांझा’ नावाच्या बागेवर यंत्रे फिरली. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ आशा! शेवटी प्रकरण न्यायालयात गेले आणि २००२ साली तडजोड होऊन शेकडो बागांना संरक्षण मिळाले, काहींवर मात्र घरे बांधण्याची मुभा राहिली.

महापालिकेची बाजू अगदीच पोकळ होती, असे म्हणता येणार नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला शेजारची मेथीची जुडी दाखविणे क्रूरपणाचे ठरेल. शिवाय, शहरातील वाफ्यांतून गहू-तांदूळ निघणार नाहीत, नागरिकांची भूक त्यावर भागणार नाही, हेही निखालस खरे आहे. निघेल ती पालेभाजी, मिरची, कोथिंबीर, दोडका. प्रवासात कोमेजणारा आणि महिनाअखेरीस पगारदार घरातून प्रथम वगळला जाणारा माल. तेवढेही थोडे नाही. परंतु घर की बाग, हा वाद लिलावाच्या पटांगणात का मिटवायचा? त्यासाठी आधीच नियम हवा होता, आणि तो न्यूयॉर्कपाशी नव्हता.

इंग्लंडपाशी तो होता. तेथील १९०८ च्या कायद्याने लागवडीचे तुकडे मागणाऱ्यांना ते पुरविणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरविले. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली की संस्थेला ती विचारात घ्यावीच लागते. १९२२ च्या कायद्याने जमीन परत घेताना मुदतीची सूचना आणि उभ्या पिकाची भरपाई यांची तरतूद केली. १९२५ च्या कायद्याने अशा कामासाठी घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीवाचून विकता येईनाशी झाली. दुसऱ्या महायुद्धात तेथे असे सुमारे १४ लाख तुकडे लागवडीखाली आले, ते केवळ भित्तिपत्रकांच्या जोरावर नव्हे. देशभक्तीच्या आवाहनापूर्वी तीन दशके जमिनीची व्यवस्था लागलेली होती. पुढे बरेच तुकडे गेले, परंतु जे राहिले ते या कायद्यांच्या आधाराने.

महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे. त्यानुसार होणाऱ्या विकास आराखड्यांत बगीच्यांची आरक्षणे हिरव्या रंगात सुबक दाखविलेली असतात. दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर कलम १२७ अन्वये मालक सूचना देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होते. नकाशातील बगीचा असा एकही रोप न लावता सुकतो. ज्या जागा ताब्यात येतात, त्यांवरही पुष्कळदा राडारोडा आणि भंगार गाड्या साचतात. निदान अशा पालिकेच्या जागा लगतच्या वस्तीतील रहिवासी मंडळांना आणि शाळांना भाजीपाल्यासाठी द्यावयास काय हरकत आहे?

मात्र त्या देताना घरभाड्याचा परिचित अकरा महिन्यांचा करार पुढे करू नये. तेवढ्या मुदतीत मेथी होते, शेवगाही कदाचित धरेल. लिंबू होत नाही, आणि स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत घालून नापीक माती सुधारण्याची उठाठेव तर कोणी करणारच नाही. किमान पाच वर्षांची मुदत, जागा परत घ्यावयाची झाल्यास पूर्ण हंगामाची सूचना, उभ्या पिकाची भरपाई आणि लागवडीपूर्वी मातीची तपासणी, एवढे करारपत्रात असावे. पाण्याच्या नळाची जोडणी कोणाच्या नावे, कोणत्या दराने, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे. नाही तर उद्घाटनाचे रोप महिनाभरात वाळेल, आणि रहिवाशांना शेजारच्या नाल्याखेरीज दुसरे पाणी उरणार नाही.