‘सध्या हातात किती पडतात?’

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटरच्या मुलाखतीत दोन-चार प्रश्न मशीनबद्दल होतात आणि मग नेहमीचा प्रश्न येतो : सध्या हातात किती पडतात? मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपाही मागितल्या जातात. जाहिरातीत मात्र ‘पगार समक्ष ठरेल’ एवढंच असतं. येणाऱ्याने आपला आकडा आधी सांगायचा, देणाऱ्याने मुठीत ठेवायचा.

समजा, एकाच कामासाठी दोघे आले. तिला आधी १४,००० मिळत होते, त्याला १८,०००. नव्या कंपनीने दोघांनाही २० टक्के वाढ दिली, तर ती १६,८०० वर जाते, तो २१,६०० वर. चार हजारांचा फरक ४,८०० झाला, आणि वाढ तर सारखीच दिली!

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो काउंटीत एलीन रिझो या गणित-सल्लागार बाईंचा पगार असाच, आधीच्या पगारावर पाच टक्के चढवून ठरला होता. २०१२ साली सहकाऱ्यांसोबत जेवताना त्यांना कळलं, की नव्याने आलेल्या पुरुषाला जास्त मिळतं. त्या कोर्टात गेल्या. २०२० मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की आधीचा पगार हे बाईला कमी देण्याचं कारण होऊ शकत नाही. मॅसॅच्युसेट्सने तर २०१६ मध्येच नोकरी देण्याआधी जुना पगार विचारण्यावर बंदी घालणारा कायदा केला. युरोपीय संघाचा २०२३ चा निर्देश आणखी पुढे जातो : जुना पगार विचारायचा नाही आणि नव्या जागेचा पगार उमेदवाराला आधीच सांगायचा. सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ची मुदत आहे.

आपल्याकडची लढाई मुंबईत झाली. मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा यांनी पुरुष स्टेनोंइतका पगार मागितला. युनियनशी तसा करार झालाय, शिवाय परवडत नाही, असं कंपनीचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दोन्ही सबबी फेटाळल्या. पुरुष स्टेनोंना किती मिळतं हे ठाऊक होतं, म्हणून ही मागणी उभी तरी राहिली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत सारख्या कामाला स्त्री-पुरुष भेद न करता वेतन देण्याची सक्ती आहे, भरतीतही भेदभाव करायचा नाही. कोणत्या वर्गाच्या कामगाराला काय दर, हे कारखान्यात फलकावर लावायचं आणि प्रत्येकाला पगाराची स्लिप द्यायची, हेही कलम ५० मध्ये आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण फलक गेटच्या आत असतो, आणि पगाराची बोलणी उमेदवार आत येण्याआधीच होऊन जातात. जुना पगार विचारू नका किंवा जाहिरातीत आकडा छापा, असं ही संहिता कुठेच म्हणत नाही.

सरकारी भरतीत हे होतं. एमपीएससीच्या जाहिरातीत वेतनश्रेणी छापलेली असते आणि निवड झालेल्याला त्याच श्रेणीत नेमतात. खासगी कारखान्यालाही मशीनवरच्या जागेचा किमान-कमाल आकडा जाहिरातीत टाकणं जड जाऊ नये. तोवर उमेदवाराने ‘अपेक्षित किती?’ या प्रश्नाला जुन्या पगाराऐवजी कामाच्या चालू दराने उत्तर द्यावं. त्यासाठी आधी शेजारच्या मशीनवरच्याशी पगाराबद्दल मोकळेपणाने बोलावं लागेल.