इशाऱ्याचा दिवा आणि दुरुस्तीची विद्या

१९७२ साली बाजारात आलेल्या लूनाने नगरचे नाव घरोघरी नेले. तिचा विजेवर चालणारा अवतार फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. नगर-मनमाड रस्त्यावरील नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत तर विजेच्या मोटारी कित्येक वर्षे तयार होत आहेत. अशा परिसरात तरी विजेच्या वाहनाची दुरुस्ती ही गूढविद्या ठरू नये. त्यासाठी एका प्रश्नाचे उत्तर आधी शोधावयास हवे: वाहन थांबवून कंट्रोलरने दिलेला इशारा वाचावयाचा कोणी?

पेट्रोलच्या गाडीचे दुखणे मेकॅनिकच्या कानाला ऐकू येई, डोळ्यांना दिसे. विजेच्या वाहनात बॅटरी आणि मोटार यांच्यामध्ये कंट्रोलर बसलेला असतो. दाब, प्रवाह व तापमान यांवर त्याची नजर असते. मर्यादा ओलांडली की तो वीजपुरवठा तोडतो आणि दिवा ठराविक वेळा लुकलुकवून किंवा पडद्यावर आकडा दाखवून दोष सांगतो. तथापि तो जे सांगतो ते लक्षण असते, निदान नव्हे. तापमापीवरील आकडा ज्वर दाखवितो. तो हिवतापाचा की विषमज्वराचा, हे वैद्यालाच ठरवावे लागते.

‘दाब कमी’ हा इशारा घ्या. तो दिसताच बॅटरी संपली असे मानले जाते. परंतु वाहनावर भार असताना बॅटरीच्या टोकांवरील आणि कंट्रोलरच्या टोकांवरील दाब मल्टिमीटरने मोजून पाहावा. पहिला ठीक असून दुसरा बराच खाली येत असेल, तर दोष बॅटरीत नसून मधल्या तारेत, फ्यूजमध्ये किंवा सैल जोडात आहे. हॉल सेन्सरचा इशाराही असाच. मोटारीतील तीन सेन्सर चक्राची स्थिती कळवितात. १२० अंशांच्या रचनेत तिन्ही संकेत एकाच वेळी सारखे येऊच शकत नाहीत. ते आले की कंट्रोलर दोष जाहीर करतो. मग चाक हाताने हळू फिरवून प्रत्येक संकेताची तार तपासावी. एखादा संकेत बदलत नसेल, तर सेन्सर बिघडला असेल, तार तुटली असेल किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरले असेल. कंट्रोलर निर्दोष असण्याचा संभव येथेही पुष्कळ.

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. इशाऱ्यांचा तक्ता उपलब्ध नसेल, तर मेकॅनिकपुढे अख्खा कंट्रोलर बदलण्यावाचून मार्ग उरत नाही. सैल जोडाची किंमत ग्राहक नव्या यंत्राच्या दराने मोजतो. माल वाहणाऱ्या तीनचाकीच्या चालकाचा रोजगार तितके दिवस बुडतो आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचा धंदा हळूहळू हातचा जातो. माहिती दडविणाऱ्याला तिचा मोबदला मिळतो. भुर्दंड मात्र इतरांच्या माथी पडतो.

उत्पादकांचा आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो पोकळ नाही. बॅटरी सोडविल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार उरतो. अडाणी हाताने वेगमर्यादा बदलली, तर अपघात होतील. परंतु धोका हे शिक्षण देण्याचे कारण आहे, अज्ञान टिकविण्याचे नव्हे. शिवाय इशारा वाचणे निराळे आणि कंट्रोलरमधील आज्ञावली बदलणे निराळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटार दुरुस्तीच्या माहितीचा हक्क कायद्याने मान्य केला. भारत सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले.

आरंभ म्हणून मागणी माफकच आहे. प्रत्येक वाहनाबरोबर इशाऱ्यांचा तक्ता आणि तपासणीचा क्रम मराठीत छापून द्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत तो शिकविला जावा. स्वतंत्र मेकॅनिकला तो विनाअट मिळावा. विजेचे वाहन विकत घेणाऱ्याने त्याची पूर्ण किंमत मोजलेली असते. त्या वाहनाची तक्रार समजून घेण्याचा अधिकार त्या किमतीतच आला पाहिजे.