पत्राच्या तळाशी दोन अक्षरे

घरात कुणाकडे जुने वकिली कागद असतील तर एकदा काढून पाहा. भाडेकरूला दिलेली नोटीस, वडिलांच्या मृत्युपत्राचा मसुदा, जागेच्या व्यवहारातला पत्रव्यवहार, काहीही चालेल. पत्र संपले, वकिलाची लफ्फेदार सही झाली, की तिच्याही खाली डाव्या कोपऱ्यात इंग्रजी चार अक्षरे दिसतील. दोन मोठ्या लिपीतली, मग एक तिरकी रेघ, मग दोन लहान लिपीतली. मोठी अक्षरे मजकूर सांगणाऱ्याच्या नावाची, लहान अक्षरे तो टाइप करणाऱ्याची. पुढे कधी त्या पत्रावरून प्रश्न उभा राहिला तर कोणाला विचारायचे, हे कळावे म्हणून ती सोय होती.

बँकेत लागण्यापूर्वी चार वर्षे, म्हणजे १९७९ ते १९८३, फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये ती लहान अक्षरे माझी होती.

आमच्या वेळी एस.एस.सी.ची परीक्षा संपली की मुलींना टायपिंगच्या क्लासला घालण्याची पद्धत होती. मुलगी शिकेल न शिकेल, लग्न ठरेल न ठरेल, हाताला काहीतरी असावे, एवढाच विचार. गिरगावात, दादरला, डोंबिवलीत जिन्याखालच्या खोल्यांतून ए-एस-डी-एफचा खडखडाट चालू असे. शॉर्टहँड मात्र सगळ्यांना झेपत नसे. आयझॅक पिटमनने ही लिपी १८३७ मध्ये इंग्लंडात काढली. ती अक्षरांची नव्हे, उच्चारांची लिपी. 'प'ची रेघ पातळ, 'ब'ची तीच रेघ जाड. वेग आला की स्वर गळतात आणि शब्दाचा नुसता सांगाडा उरतो. 'प्रॉसिक्यूट' आणि 'पर्सिक्यूट' यांचा सांगाडा सारखाच होऊ पाहतो, म्हणून दोन्ही वेगळे लिहायला मुद्दाम शिकवत. खटला भरणे आणि छळ करणे यांत फरक ठेवायचा तो असा पेन्सिलीने! (काही पक्षकारांना तो फरक शेवटपर्यंत पटत नसे, ही गोष्ट वेगळी.)

मुंबईच्या या कचेऱ्यांची घडण समजून घेतल्याशिवाय तिथल्या सेक्रेटरीचे काम कळणार नाही. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर कागद तयार करणार आणि कौन्सिल कोर्टात उभे राहणार, अशी इंग्रजांच्या काळापासूनची विभागणी होती. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने ती कायद्यातून गेली, फोर्टातल्या रिवाजातून गेली नाही. त्यामुळे सॉलिसिटरची कचेरी म्हणजे कागदांचा कारखानाच. मॅनेजिंग क्लार्क कोर्टाच्या खिडक्या सांभाळणार, पार्टनर केबिनमध्ये पक्षकार सांभाळणार, आणि या दोघांमध्ये जे काही निसटण्यासारखे असेल ते सगळे सेक्रेटरीच्या टेबलावर.

आमच्याकडे बार्देशातल्या एक बाई होत्या. सगळे त्यांना 'मिस' म्हणत, त्या मला 'बाय' म्हणत. मी रुजू झाले तेव्हा त्यांची पंचवीस वर्षे झालेली होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितले, "बाय, टायपिंग कोणीही करतं. तू तारखा बघायला शीक." त्यांच्या खणात एक जाड डायरी असे. तीत साहेबांच्या भेटीगाठी नसत, मुदती असत. पैशाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे, हे कायद्याचे पुस्तक सांगते. पण अमुक पक्षकाराची तीन वर्षे येत्या गणेशचतुर्थीच्या सुट्टीत संपतात, हे मिसची डायरी सांगे. साहेबांच्या टेबलावर त्या न बोलता फाईल ठेवत आणि तिच्यावर लाल पेन्सिल आडवी ठेवत. साहेब काय ते समजत.

आणि टायपिंग 'कोणीही करतं' असे त्या म्हणाल्या, ते काही खरे नव्हते. जाड कागदावर मूळ प्रत, मागे कार्बन आणि पातळ कागदांचे थर, अशा पाच-सहा प्रती एका ठोक्यात काढायच्या. ठोका हलका पडला तर शेवटची प्रत उमटत नाही, जोरात पडला तर मूळ कागदावर 'ओ'च्या जागी भोक. चूक झालीच तर प्रत्येक प्रतीमागे कागदाचा कपटा सरकवून एकेक प्रत खोडायची. प्रतिज्ञापत्रात तर खाडाखोड दिसलीच पाहिजे आणि तिच्या बाजूला आद्याक्षरेही हवीत, त्यामुळे पांढरा रंग फासून झाकण्याची सोय नाही. चाळीसाव्या पानावर साहेबांना बाराव्या पानातला परिच्छेद बदलावासा वाटला, तर तेरापासून पुढचे सगळे पुन्हा.

या पुन्हा मारण्याच्या धास्तीचा एक फायदा होता, आणि तो मी पुढे बँकेत बसून कागद वाचू लागले तेव्हा मला नीट दिसला. वकील आधी विचार करून मग बोलत. साहेब खिडकीशी उभे राहून मिनिट-दोन मिनिटे गप्प असत, मग वाक्य येई ते पूर्णविरामासकट. दावे आखूड असत. मजकूर हलवणे फुकट झाले तेव्हापासून दावे सुजले, हे माझे स्पष्ट मत आहे. कुणाला ते म्हातारपणाची कुरकुर वाटेल. वाटू दे.

यंत्रे एकामागून एक आली. भारतीय बनावटीचे पहिले टाइपरायटर गोदरेजने १९५५ मध्ये काढले होते आणि आमच्या कचेरीत त्यांचाच भरणा होता. आधी फोटोकॉपी आली. तिला आजही आपण झेरॉक्सच म्हणतो. तिने कार्बनची काळी बोटे घालवली. इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर आले, त्यांना ओळ-दोन ओळी आठवत असत. एका पार्टनरांनी हौसेने डिक्टाफोन आणला. कानाला नळ्या आणि पायाखाली पेडल, अगदी शिलाई मशीनसारखे. तो फार टिकला नाही, कारण यंत्राला मध्येच "साहेब, हा प्रतिवादी दोन नंबरचा की तीन नंबरचा?" असे विचारता येत नाही.

१९८३ मध्ये मी बँकेत गेले. त्याच वर्षी बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. संगणकाविरुद्धचे मोर्चे आम्ही पाहिले होते आणि भीती नोकऱ्यांची होती, ती काही खोटी नव्हती. काही वर्षांनी माझी बदली वसुली आणि कायदा विभागात झाली. जुना अनुभव कामी येईल असे वरिष्ठांना वाटले असावे. मग पुन्हा तोच फोर्ट, त्याच कचेऱ्या, पण आता टेबलाच्या या बाजूला बसून.

ते दिवस वसुलीच्या महापुराचे होते. चेक न वटणे हा १ एप्रिल १९८९ पासून फौजदारी गुन्हा झाला. चेक परत आल्याचे कळल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस गेली पाहिजे, अशी तेव्हाची अट होती. (२००२ च्या दुरुस्तीने ते पंधराचे तीस झाले.) हे पंधरा दिवस वकील मोजत नसत, त्यांची सेक्रेटरी मोजत असे. पाठोपाठ १९९३ चा कर्जवसुली न्यायाधिकरणांचा कायदा आला. दहा लाख आणि त्यावरच्या रकमेच्या बँकांच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे. शेकडो दावे, सगळ्यांचा साचा एकच. आणि नेमका त्याच वेळी कचेऱ्यांत संगणक पोहोचलेला. काळ्या पडद्यावर वर्डस्टार, मजकुराचा तुकडा उचलायला कंट्रोल-के-बी, संपवायला कंट्रोल-के-के, नवीन जागी उमटवायला कंट्रोल-के-सी. मंत्रच ते. जुना दावा उघडायचा, कर्जदाराचे नाव बदलायचे, रक्कम बदलायची, छापायचे. आठवड्याचे काम दुपारी व्हायला लागले.

१९९६ सालची गोष्ट. कर्जदार भिवंडीचा यंत्रमागवाला. आमच्या बँकेचा दावा, वकील बाहेरचे. सुनावणीला मी बँकेतर्फे मागच्या बाकावर बसले होते. विरुद्ध बाजूचे वकील उठले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले की, परिच्छेद चौदामध्ये ज्या शीतगृहाची यंत्रसामग्री तारण असल्याचे लिहिले आहे, ते शीतगृह माझ्या अशिलाला दाखवावे, त्यालाही पाहायची इच्छा आहे. कोर्टात हशा पिकला. आधीच्या कुठल्या तरी दाव्यातला परिच्छेद तसाच राहून गेला होता. दुरुस्तीचा अर्ज, त्यावर हरकत, त्यावर तारखा, यात आठ महिने गेले. तोवर खऱ्या तारणातले निम्मे माग जागेवर राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या वकिलांच्या कचेरीत मी गेले तेव्हा संगणकावर बसणाऱ्या मुलीला सगळ्यांदेखत बोलणे चालू होते. वीस-एकवीस वर्षांची मुलगी. तिच्या आधी त्या खुर्चीत एक जुन्या स्टेनो होत्या. संगणक आल्यावर त्यांची गरज उरली नाही म्हणून त्यांना निरोप दिला होता, आणि त्यांच्या निम्म्याहून कमी पगारात ही 'ऑपरेटर' ठेवली होती. मी त्या दाव्याची प्रत उघडून पाहिली. मसुद्यावर वकिलांची सही. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' या प्रतिज्ञेखाली आमच्या शाखाधिकाऱ्याची सही. तो मजकूर त्यांच्यासमोर सांगून घेतल्याचा शिक्का आणि त्यावर तिसरी सही. मुलीचे नाव कुठेच नाही. छापील साच्यात ती लहान अक्षरेही गळाली होती. कोणता जुना दावा उघडायचा हे तिला ज्युनिअर वकिलाने सांगितले होते. शीतगृह आणि यंत्रमाग यांतला फरक तिला कुणी सांगितला नव्हता, कारण तिने मजकूर वाचावा अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. मी वकीलसाहेबांना तसे म्हटले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही बँकेचं बघा." महिनाअखेरीस ती मुलगी गेली.

जुन्या बाईंना ते शीतगृह परिच्छेद चौदापर्यंत जाऊच देता आले नसते. त्यांना कायदा जास्त कळत होता असे नाही. त्यांनी तो यंत्रमाग आधीच्या तेरा परिच्छेदांत आपल्या बोटांनी मारलेला असता. टाइप करणे हे एक प्रकारचे वाचणेच होते, हे ज्यांनी पगाराचा हिशेब केला त्यांच्या लक्षात आले नाही. संगणकाला मी दोष देत नाही. त्याच यंत्रावर नीट काम करणाऱ्या, एकेक दावा छापून फूटपट्टी ठेवून ओळ-ओळ वाचणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. पण तसे वाचायला वेळ लागतो, आणि यंत्र तर वेळ वाचवायलाच घेतले होते.

नंतर यंत्राचीच साक्ष घेण्याची वेळ आली. बँकेचे खातेपुस्तक पुरावा म्हणून कसे चालते हे १८९१ च्या कायद्याने ठरवलेले. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने त्यात संगणकाच्या छापील प्रतीही आल्या, पण प्रमाणपत्रांसह. शाखाधिकाऱ्याने उतारा बरोबर असल्याचे लिहून द्यायचे, आणि संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो नीट चालत होता असे लिहून द्यायचे. माणसाच्या शब्दावर यंत्राची पत! जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला चालला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमात तर त्याचा नमुनाच जोडला आहे. हे नमुने भरते कोण? पुन्हा तीच, साहेबांच्या केबिनबाहेर बसणारी.

आता तिला टायपिंग फारसे नसते. साहेब स्वतःच टाइप करतात, तेही दोन बोटांनी, किंवा फोनला सांगतात. गोदरेजने २००९ च्या सुमारास टाइपरायटर बनवणे थांबवले, २०११ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यावर मृत्युलेख लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये लांब कागद सोडून ए-फोर आणि पाठपोट छपाई स्वीकारली. फर्मायशीप्रमाणे मसुदा लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी अशा यंत्राने दिलेले निवाडे कोर्टात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. बातमी वाचली तेव्हा मला परिच्छेद चौदामधले ते शीतगृह आठवले.

माझ्या ओळखीची एक बाई नरिमन पॉइंटला एका वकिलांकडे आहे. वय पन्नाशीचे, सुरुवात गोदरेजवर केलेली. तिचा दिवस मी विचारून घेतला. सकाळी संकेतस्थळावर बोर्ड पाहणे, कागद स्कॅन करणे, पाने क्रमाने लावून खुणा घालणे, ऑनलाइन दाखल करणे, रजिस्ट्रीच्या हरकती दूर करणे, दूरस्थ सुनावणीची लिंक साहेबांच्या फोनवर स्वतः जोडून देणे. मुदतींची डायरी ती अजून हाताने लिहिते. संगणक आठवण करतो, पण तो सगळ्याचीच आठवण करतो, म्हणून साहेब बघत नाहीत, असे ती म्हणाली.

मग तिने पर्समधून पेन ड्राइव्हएवढी एक निळी वस्तू काढून दाखवली. साहेबांची डिजिटल सही. कायद्याप्रमाणे ती ज्याची त्याने आपल्याच ताब्यात ठेवायची असते. "मी दोनदा परत दिली," ती म्हणाली, "साहेब म्हणतात, माझ्याकडून हरवेल, तूच ठेव." आणि तिने ती रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात, लोकलच्या पासाशेजारी परत ठेवली.