ब्राउझरची जोड-अवजारं

मंडळी, आपल्या गावागावांतली कितीतरी मुलंमुली आज पुण्याला हिंजवडीच्या कचेऱ्यांत नोकरी करतात. ती वेबसाइट बनवतात एवढं आपण ऐकलेलं असतं. पण दिवसभर खुर्चीत बसून काय करतात, हे काही आपल्याला उमगत नाही. म्हणून आज त्या कचेरीत जरा डोकावू या.

तिथं बहुधा दिवसाची सुरुवात उभ्याउभ्या होते. सातआठ जण पंधरा मिनिटं एकत्र येतात. काल काय झालं, आज काय करायचं, कुठं अडलं, एवढंच प्रत्येकानं सांगायचं. मग एक जण पानाचं रूप आखतो, दुसरा ते संगणकाच्या भाषेत लिहितो, तिसरा त्यातल्या चुका हुडकतो. या साऱ्यांचं मुख्य साधन म्हणजे ब्राउझर. इंटरनेटवरची पानं दाखवणारं क्रोम किंवा फायरफॉक्स.

आता ट्रॅक्टर पाहा. ट्रॅक्टर एकच, पण नांगर जोडला की नांगरट होते, ट्रॉली जोडली की ऊस कारखान्याला जातो. ब्राउझरलाही अशीच छोटी अवजारं जोडता येतात. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात.

२००६ साली जो ह्यूइट यांनी फायरबग नावाचं असं एक अवजार फायरफॉक्ससाठी तयार केलं. पानावरचं एखादं बटण जागा सोडून घसरलं, तर त्याच्यामागची नेमकी ओळ ते दाखवी, आणि तिथल्या तिथं बदल करून परिणाम पाहता येई. ही सोय इतकी पटली, की पुढं ब्राउझरांनी ती आपल्या अंगातच घेतली आणि २०१७ साली फायरबगचं काम थांबलं.

तुमच्याआमच्या कामाचीही अवजारं आहेत. युब्लॉक ओरिजिन जाहिराती अडवतं. २०२५ पासून क्रोमच्या नव्या नियमांमुळं ते तिथं चालत नाही, फायरफॉक्समध्ये चालतं. बिटवॉर्डन आपले पासवर्ड सांभाळतं. त्याचा आणखी एक गुण असा, की बँकेच्या नावात एक अक्षर बदलून कुणी खोटं पान उभं केलं, तर आपला डोळा फसेल, पण हे अवजार तिथं आपणहून पासवर्ड भरणार नाही.

मात्र इथंच सावध व्हायला हवं, बरं का! अवजार जोडताना पुष्कळदा एक परवानगी मागितली जाते: तुम्ही पाहाल ती सर्व पानं वाचण्याची आणि बदलण्याची. म्हणजे घराची किल्लीच! द ग्रेट सस्पेंडर नावाचं अवजार न लागणारी पानं निजवून संगणकाचा भार हलका करी. वीस लाखांवर लोक ते वापरत होते. २०२० साली मूळ कर्त्यानं ते दुसऱ्याला विकलं. किल्ली नव्या माणसाच्या हाती गेली, आणि वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यात घातक भाग आढळला म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं ते बंद केलं.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या ज्या संगणकावर तुम्ही यू-डायस प्लसची माहिती भरता, त्यात मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे फोन असतात. कुणा विद्यार्थ्यानं गमतीनं जोडलेलं अवजारही ते पान वाचू शकतं. तेव्हा तीन गोष्टी करा. क्रोमच्या वरच्या कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह आहे. ते दाबून काय काय जोडलं आहे ते पाहा. कामाचं नाही ते काढून टाका. आणि नवं जोडण्यापूर्वी ते काय मागतं हे वाचा. पानांना रंग देणाऱ्या अवजाराला मुलांची माहिती वाचायची काय गरज, हा प्रश्न ज्याला पडला, तो निम्म्या संकटातून सुटला म्हणून समजा.