शहराचे आरोग्य मोजताना
शहर किती निरोगी आहे, हे तेथील रुग्णालयांच्या संख्येवरून ठरत नाही. त्यासाठी अर्भक मृत्युदर हा प्रमुख निर्देशांक मानला जातो. वर्षभरातील दर १००० जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावलेल्या बालकांची ही संख्या होय. मात्र १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथेच होते. त्यामुळे खेड्यातून उपचारासाठी आणलेले बाळ दगावल्यास तो मृत्यू शहराच्या नोंदवहीत जातो. उलट, नोंदच न झालेले मृत्यू शहराला कागदोपत्री निरोगी ठरवतात. शहराची सरासरी तर अधिकच फसवी. म्हणूनच २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई, नागपूर, दिल्ली, कोलकात्यासह आठ शहरांतील झोपडपट्ट्या आणि इतर वस्त्यांची आकडेवारी स्वतंत्रपणे मांडण्यात आली.